घरच्या संगणकाची निगा

विकत घेतलेल्या वस्तूची किंमत एकदांच मोजावी लागते. तिची निगा मात्र नेहमीं राखावी लागते. ही गोष्ट आपल्या शेतकरी वाडवडिलांना कोणी शिकवावी लागत नसे. मोटेचें चाक कुरकुरूं लागलें कीं त्याला वंगण मिळे. उन्हाळ्यांत पाणी तळाला गेलें कीं विहिरींतील गाळ उपसला जाई. पाणी कमी येतें म्हणून लगेच दुसरी विहीर खणण्यास कोणी धांवत नसे. आज आपल्या कारेगांवांत, रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारीं, अनेक नोकरदार कुटुंबांच्या घरीं संगणक आला आहे. कित्येकांनीं तो हप्त्यांवर घेतला आहे. परंतु तीन-चार वर्षांत तो मंदावला कीं ‘हा आतां जुना झाला, नवा घ्यावा,’ असा निकाल आपण देऊन मोकळे होतों. माझ्या मतें हा निकाल पुष्कळ वेळां घाईचा असतो. यंत्र म्हातारें झालेलें नसतें; त्याच्याकडे दुर्लक्ष झालेलें असतें.

संगणक मंद कां होतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आपण तो चालू करतों तेव्हां आपल्या नकळत अनेक प्रोग्राम त्याच्याबरोबर जागे होतात. एखादा खेळ, एखादा संदेश पाठविण्याचा प्रोग्राम, असे सर्वच आपापला वांटा मागत बसतात. रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृति. ती ४ जीबीच असली तर ब्राउझरमध्यें पंधरा-वीस पानें उघडतांच भरून जाते. मग तीच माहिती डिस्कवर नेऊन ठेवण्याचा आणि परत आणण्याचा खटाटोप संगणकाला करावा लागतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें फिरती तबकडी असते. ती मिनिटाला ५४०० फेरे घेत असली तरी तिच्यावरून हवी ती माहिती शोधण्यास वेळ लागतोच. डिस्क कांठोकांठ भरली असेल तर अडचण आणखी वाढते. शेवटचें कारण आपल्या भागाला विशेष लागू आहे. आपल्याकडील उन्हाळा कडक आणि हवा धुळीची. पंख्याच्या पात्यांवर व हवेच्या जाळीवर धुळीचा थर बसला म्हणजे आंतील उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि प्रोसेसर जळूं नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. तो त्याचा आळस नव्हे. तें आत्मरक्षण होय.

यावरील उपाय महिन्यांतून एकदां, अर्ध्या-पाऊण तासांत होण्यासारखे आहेत. प्रथम महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. त्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. विंडोजचा संगणक असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबावीं. टास्क मॅनेजर उघडतो, आणि कोणता प्रोग्राम किती स्मृति खातो हें डोळ्यांसमोर दिसतें. त्यांतील ‘स्टार्टअप’ या भागांत जाऊन ज्यांची प्रारंभींच गरज नाहीं असे प्रोग्राम थांबवावे. मात्र ज्याचें नांव ओळखीचें नाहीं त्याला चौकशीवांचून हात लावूं नये. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागांत तात्पुरत्या फायलींची यादी मिळते. त्या काढून टाकाव्या. त्या यादींत ‘डाउनलोड्स’ दिसलें तर तें आधीं उघडून पाहावें, कारण मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले पुष्कळदां तेथेंच पडून असतात. आठवड्यांतून एकदां तरी संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. नुसत्या ‘शट डाउन’नें विंडोज बहुधा आपल्या यंत्रणेचा कांहीं भाग जसाच्या तसा जपून ठेवतें. धूळ काढतांना वीज बंद करून मऊ ब्रशानें ती हलकेच झाडावी. ओला फडका लावूं नये. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरूं नये, कारण त्यानें हवेची वाटच बंद होते.

एका मोहापासून मात्र सावध राहावें. ‘तुमचा संगणक क्षणांत वेगवान करूं’ अशा जाहिराती पडद्यावर येतात. असा फुकटचा वैद्य घरांत घेतल्यानें ओझें वाढतें, आणि कधीं कधीं त्याच्या वेषांत चोरच आंत शिरतो. विषाणुप्रतिबंधक प्रोग्रामही एकच असावा. दोन ठेवले तर ते एकमेकांच्याच वाटेंत येतात.

‘हात लावूं नकोस, बिघडेल,’ असें मुलांना सांगणाऱ्या पालकांस माझी एक विनंति आहे. कैलास काटकर यांनीं पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून आरंभ केला आणि पुढें ते संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणु सांपडूं लागले, तेव्हां त्यांचे बंधु संजय यांनीं त्यांचा नायनाट करणारे प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच ‘क्विक हील’ हें नांव देशभर गेलें, आणि २०१६ सालीं ती कंपनी शेअर बाजारांत उतरली. निगा राखतां राखतांच यंत्राची विद्या अंगीं येते. जें मूल प्रथम प्रत काढून ठेवतें आणि मग विचारपूर्वक हात घालतें, त्याच्या हातून सहसा कांहीं बिघडत नाहीं. हें काम मुलाकडेच सोंपवावें, मुलीकडे नको, हा भेदही घरांत नसावा.

निगेनें सर्व साधतें असें मात्र मीं म्हणत नाहीं. तबकडीची डिस्क बदलून एसएसडी बसविली, किंवा शक्य असल्यास रॅम वाढविली, तर नव्या संगणकाच्या किंमतीच्या लहानशा अंशांत जुना संगणक पुन्हां चपळ होतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि कित्येक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाहीं. अशा वेळीं लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवून लेखन-वाचनाचें काम चालवितां येतें. इतकें करूनही भागलें नाहीं तर नवा संगणक खुशाल घ्यावा. पण ती शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरच्या संगणकामागें कोणाच्या तरी रात्रपाळीचे तास आहेत. बाजारांतील वेगवान यंत्राकडे बोट दाखविण्यापूर्वीं येत्या रविवारीं घरच्या यंत्रावरील धूळ झाडा, त्यांतील अडगळ काढा, आणि मग तें कसें चालतें तें पाहा. तो हप्ता वाचला तर त्या पैशांचीं पुस्तकें घरांत येतील. आणि नाहीं वाचला तरी नवें यंत्र जपण्याची संवय तुमच्या हाताला आधींच लागलेली असेल.