ड्रॅक्युलाचा वाडा ओस का पडत नाही?

शीर्षक वाचूनच आमच्या काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे गृहीत धरून मी लेखणी हाती घेतली आहे. जळगावच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहावे ते बहिणाबाईंवर किंवा बालकवींवर. व्हिडिओ गेम हा काय लेखाचा विषय झाला? पण ज्या कलाकृतीकडे लोक चाळीस वर्षांनीही परत परत वळतात, तिच्यात काहीतरी असलेच पाहिजे. ते काय, एवढेच मला शोधायचे आहे.

'कॅसलव्हेनिया' हा खेळ जपानच्या कोनामी कंपनीने १९८६ साली काढला. कथा दोन ओळींची. सायमन बेलमाँट नावाचा एक वीर हातात चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि सहा टप्पे पार करून त्याच्याशी झुंज देतो. सरावलेला खेळाडू तासाभरात किल्ला सर करतो. मला मात्र दिवाळीची अख्खी सुट्टी पुरली नाही!

ती सुट्टी मी धुळ्याला मामांकडे घालवली होती. या मालिकेतील जुन्या खेळांचा एक संच कोनामीने २०१९ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. तो मामेभावाच्या संगणकावर होता. पहिल्या दिवशी मला हसूच आले. बोटभर उंचीची चित्रे, मोजके रंग, आणि नायक तर गुडघे दुखत असल्यासारखा चालणारा! अर्ध्या तासात हसू मावळले आणि मी ओरडू लागलो. आतून आजीने विचारले, "काय व्हयनं रे भाऊ?" काय सांगणार? सायमन पुन्हा खड्ड्यात पडला होता.

या खेळातली उडी म्हणजे सुटलेला बाण. एकदा पाय जमिनीवरून उचलला की हवेत दिशा बदलता येत नाही. चाबूक उगारायलाही क्षणभर वेळ लागतो. शत्रूचा स्पर्श झाला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असेल तर संपलेच. आधुनिक खेळांना सरावलेल्या माणसाला ही सारी उणीव वाटते. मला मात्र खेळाचे सारे मर्म येथेच आहे असे वाटते. प्रत्येक पावलाआधी विचार करावा लागतो, आणि चुकल्यावर दोष द्यायला आपल्याशिवाय दुसरे कोणी उरत नाही.

आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टी आठवून पाहा. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की आजी चकव्याची गोष्ट सांगे. चकवा वाटसरूला रात्रभर त्याच त्या शेतातून फिरवतो; पण वाटसरू जागच्या जागी बसून राहिला, तर उजाडताच वाट सापडते. मुंजा पिंपळावरच असायचा, हडळीचे पाय उलटेच असायचे. म्हणजे आमच्या भुतांनाही नियम होते! नियम नसलेली भीती हा नुसता गोंधळ असतो. नियम असलेल्या भीतीशी मात्र माणसाला झुंजता येते. नारायण धारपांच्या कथांत अघोरी शक्तीसमोर 'समर्थ' उभे राहतात, ते याच विश्वासावर.

पाचव्या टप्प्यात, प्रत्यक्ष मृत्यूची गाठ पडण्याआधी, एक अरुंद दालन लागते. समोर चिलखतधारी शिपाई कुऱ्हाडी फेकतात आणि त्याच वेळी मेडुसाची मुंडकी लाटेसारखी खालीवर होत अंगावर येतात. या दालनाने माझे तीन दिवस खाल्ले. चौथ्या दिवशी मी कळ दाबणे थांबवून नुसते पाहत बसलो. मुंडक्यांच्या लाटेला लय होती, कुऱ्हाडीच्या येण्याजाण्याला ठरावीक वेळ होता. ते ध्यानी येताच दालन तेच राहिले, माझी घाई तेवढी गेली. त्या संध्याकाळी मी पलीकडे पोहोचलो.

कोणी म्हणेल, हा सारा उसना माल आहे. मेडुसा ग्रीकांची, ममी इजिप्तची, ड्रॅक्युला ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला. आक्षेप खरा आहे. परंतु नाशिक-पालघरकडच्या आदिवासी बोहाड्यात नाही का एकामागून एक मुखवटे येत, प्रत्येक आपल्या चालीने, आपल्या वाद्यांच्या ठेक्यावर? सोंगे जुनीच असतात, ती कशी नाचवली यात कला असते. येथे तो ठेका किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांनी दिला आहे. गंमत म्हणजे खेळाच्या शेवटी कर्त्यांची खरी नावे येतच नाहीत; जुन्या भयपटांतील मंडळींच्या नावांची मोडतोड करून केलेली टोपणनावे येतात. कर्ते पडद्याआड राहिले आणि काम टिकले.

आज आपल्या खिशातल्या मोबाइलवर खेळांना तोटा नाही. त्यांतील कित्येकांत हरलात की खेळ म्हणतो, पैसे भरा आणि आणखी एक जीव घ्या. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात जीव विकत मिळत नाही. हवे तितके वेळा या, पण टप्प्याच्या आरंभापासून चाला, असा तिथला कायदा आहे. तो कठोर आहे, पण गरीब-श्रीमंत सर्वांना सारखा आहे. हा वाडा ओस पडत नाही याचे कारण माझ्या मते हा प्रामाणिकपणा आहे.

आता कबुली द्यायला हरकत नाही. त्या दिवाळीच्या आधीच्या सत्रात मी एका विषयात नापास झालो होतो, आणि शिक्षण सोडून द्यावे असे मनात घेऊनच धुळ्याला गेलो होतो. खेळाने मला शहाणे केले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. पण पुन्हा आरंभापासून चालण्याची लाज मात्र त्या दालनात गळून पडली. जानेवारीत मी तेच पुस्तक पहिल्या पानापासून उघडले.

परतताना एस.टी. पारोळ्याला थांबली. तिथला जुना भुईकोट किल्ला मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली भारतीय पुराणकथांवर 'राजी' हा खेळ रचला. मग पारोळ्याचा बुरूज, लळिंगची चढण आणि आजीचा चकवा घेऊन आपल्यापैकीच कोणी एखादा खेळ का रचू नये? त्याने चित्रे साधी काढली तरी चालतील. नियम मात्र प्रामाणिक ठेवावेत.