भात्यात बाण किती?

करमाड-शेंद्र्याच्या पट्ट्यातले अनेक वर्कशॉपवाले सध्या विचारतात, संरक्षणाच्या कामात पैसा घालावा का? त्याआधी मोठा प्रश्न सोडवावा लागेल. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर देशाने तरी एवढा खर्च करावा का?

अण्वस्त्र घेऊन येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे कोणतीच ढाल भरवशाची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहातली नऊ पाडली आणि एक निसटले, तरी शहर जाते. डीआरडीओ २००६पासून अशी क्षेपणास्त्रे हवेत पाडण्याच्या चाचण्या घेत आहे. ते संशोधन चालू राहावे, पण त्यावर विसंबून कोणी निर्धास्त होऊ नये.

ड्रोन आणि रॉकेटांचे तसे नाही. तिथे दहातली नऊ अडवली तर विमानतळ वाचतो, माणसे वाचतात. मे २०२५मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले. तेव्हा आपल्याकडे सुमारे ५.४ अब्ज डॉलरच्या करारातली एस-४०० यंत्रणा होती, स्वदेशी आकाश क्षेपणास्त्रे होती आणि सुधारणा केलेल्या जुन्या एल-७० तोफाही होत्या. ड्रोन पाडताना या जुन्या तोफा फार कामी आल्या, कारण गोळा स्वस्त पडतो. उलट तांबड्या समुद्रात अमेरिकी नौकांनी हुथींच्या काही हजार डॉलरच्या ड्रोनवर वीसेक लाख डॉलरची क्षेपणास्त्रे झाडली. अशाने शत्रूचे ड्रोन संपायच्या आधी आपला भाता रिकामा होतो.

म्हणून खर्च करावा, पण तो स्वस्त आणि भरपूर बाणांवर. नागपूरच्या सोलर समूहाने छोट्या रॉकेटांनी ड्रोन पाडणारे ‘भार्गवास्त्र’ मे २०२५मध्येच गोपाळपूरला चाचणीला उतरवले, ती दिशा आम्हाला योग्य वाटते.

आता आपल्या शेडमध्ये येऊ. १९८५ साली वाळूजला बजाज आली आणि तिच्यामागे व्हेंडरांची एक पिढी उभी राहिली, कारण शेड्यूल दर महिन्याला येत होते. संरक्षणाचे काम तसे येत नाही. थोडे नग येतात, मग वर्षभर शांतता. व्हीएमसीचा हप्ता मात्र थांबत नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झालेले हवाई संरक्षणाचे ‘मिशन सुदर्शन चक्र’ २०३५पर्यंत चालणार असेल, तर ऑर्डरीही दहा वर्षांच्या हिशेबाने, दरवर्षी ठरलेल्या नगांच्या निघाल्या पाहिजेत. युद्ध लागल्यावर घाईने काढलेल्या पीओवर भाता भरत नाही.

तोवर केवळ आशेवर फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन घेऊ नका. आधी नोंदींची शिस्त लावा. हा नग कोणत्या हीटच्या बारमधून कापला, कोणत्या पाळीत कोणी मोजला, हे निरीक्षकाने विचारताच कागद पुढे ठेवता आला पाहिजे. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तपासणीवरची दोन मुले या वर्षी तिथे शिकायला पाठवा.