पापाच्या मुळाशी जाणारी यादी

मार्च 2008 मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली : व्हॅटिकनने सात नवी महापापे जाहीर केली. प्रत्यक्षात तसे काही घडलेच नव्हते. पापक्षमेसंबंधीची प्रकरणे पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या न्यायासनाचे पदाधिकारी बिशप जानफ्रांको जिरोत्ती यांनी ‘लॉसर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाला मुलाखत दिली होती. पर्यावरणाचा नाश, अमली पदार्थांचा व्यापार, वाढती विषमता यांकडेही पाप म्हणून पाहायला हवे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जुन्या यादीला कोणी हात लावला नव्हता. पण सात पापे म्हणजे गुन्ह्यांची सूची आणि काळ बदलला की तिच्यात कलमे वाढवायची, अशी समजूत सर्वत्र रुजली आहे. तिच्यामुळे कॅथलिक नीतिविचारातला सर्वांत उपयोगी भागच लोकांच्या नजरेआड राहतो.

यादीत आहे तरी काय? गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, कामवासना, खादाडपणा आणि आळस. खून, चोरी, खोटी साक्ष यांतले एकही नाव तिच्यात सापडत नाही. ती पापे दहा आज्ञांमध्ये येतात. या सातांचे काम वेगळे आहे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथानुसार ती इतर पापांना जन्म देणारी पापे आहेत. आत्म्याचा घात करणाऱ्या पापाची कसोटी त्याच ग्रंथात स्वतंत्रपणे दिली आहे : कृत्य गंभीर हवे, ते तसे असल्याची पूर्ण जाणीव हवी आणि त्याला मनापासून संमती हवी. पंगतीत चार घास जास्त खाल्ले म्हणून माणूस नरकाचा धनी होतो, असे चर्च शिकवत नाही.

षड्रिपूंची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच दोन्हीकडे आहेत. आळस मात्र षड्रिपूंत नाही, आणि सातांमधला सर्वांत गैरसमजात सापडलेलाही तोच.

त्याचा उगम चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात आहे. कॉन्स्टॅंटिनोपलमध्ये नावारूपाला आलेला इव्हाग्रिउस नावाचा विद्वान धर्मसेवक एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतला, राजधानी सोडून जेरुसलेमला गेला आणि पुढे इजिप्तमध्ये संन्यासी झाला. तिथे त्याने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची नोंद केली. त्यांतल्या आळसाचे त्याने केलेले वर्णन आजही थक्क करते. भर दुपारी खोपटातल्या संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. तो पुन्हापुन्हा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ किती दूर आहे हे सूर्यावरून ताडतो, भेटायला कोणी बंधू येतोय का याची वाट पाहतो. मग त्याला जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा तिटकारा वाटतो, आपल्यावर कोणाची मायाच उरलेली नाही असे वाटते. दुसरीकडे गेलो तर सगळे सुरळीत होईल, हा विचार शेवटी येतो.

हा अंथरुणात लोळण्याचा आळस नव्हे. ज्या चांगल्या गोष्टीसाठी आयुष्य वाहिले, तिचाच कंटाळा येणे हा तो आजार. असा माणूस दिवसभर धावपळीत असू शकतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने याला ईश्वरी कल्याणाविषयी वाटणारे दुःख म्हटले आणि प्रेमातून मिळणाऱ्या आनंदाच्या विरोधात उभे केले. फोनच्या पडद्यावर बोट सरकवत तासन्‌तास घालवणाऱ्या, सतत दुसऱ्या शहराचे, दुसऱ्या नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्या आजच्या माणसाला या जुन्या नोंदीत आपला चेहरा दिसला, तर नवल नाही. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर 2023 पासून दुर्गुण आणि सद्‌गुण यांवर बुधवारची प्रवचने दिली, तेव्हा त्यांनी इव्हाग्रिउसच्या आठांच्या मांडणीकडेच परत जाणे पसंत केले. 2024 च्या राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच दिवशी, त्यांचा विषय हाच आळस होता.

आठांचे सात झाले ते रोममध्ये. इव्हाग्रिउसचे विचार संन्यासी जॉन कॅसियनने त्याचे नाव न घेता लॅटिनमध्ये आणले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी गर्वाला सर्व पापांची राणी मानून यादीबाहेर, सर्वांच्या मुळाशी बसवले आणि उरलेल्यांची पुनर्रचना केली. आजची सातांची यादी त्यानंतरच्या शतकांत स्थिरावली. प्रत्येक पापाची संतती सांगणे हे ग्रेगरींचे मोठे काम. लोभाच्या पोटी विश्वासघात, फसवणूक, खोट्या शपथा, हिंसा आणि दयेला पारखे झालेले मन येते. मत्सरातून कुजबुज, निंदा आणि दुसऱ्याच्या संकटात होणारा आनंद निपजतो. पापनिवेदनाला बसलेल्या माणसाने केवळ ‘खोटे बोललो’ म्हणून थांबू नये, ते खोटे कशातून आले हेही शोधावे, यासाठी ही वंशावळ आहे.

यादीतला क्रमही महत्त्वाचा. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’तल्या शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मृत्यूनंतर पापे धुतली जातात त्या जागेच्या, डोंगरावर गर्विष्ठ सर्वांत खाली, ईश्वरापासून सर्वांत दूर आहेत, कामवासनेचे पापी शिखराजवळ आहेत. लोभाच्या पायरीवर हातपाय बांधून पालथा पाडलेला एक पोपही भेटतो, पाचवा एड्रियन. मध्ययुगातल्या श्रद्धावान कवीला हे लिहिताना संकोच वाटला नाही. नंतरच्या काळात मात्र प्रवचनांतून आणि घरच्या शिकवणीतून पाप म्हणजे मुख्यतः शरीराचे पाप असा अर्थ घट्ट होत गेला. गर्व आणि लोभ सभ्य कपड्यांत मोकळे फिरू लागले.

त्याची किंमत चर्चने स्वतः मोजली आहे. ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्युरीचा अहवाल बाहेर आला. सहा धर्मप्रांतांतल्या 300 हून अधिक धर्मगुरूंवर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते आणि ओळख पटलेली पीडित बालके हजाराहून जास्त होती. ही प्रकरणे केवळ वासनेच्या खात्यात टाकणे म्हणजे अर्धेच निदान करणे होय. दशकानुदशके तक्रारी दाबणारे, आरोपी धर्मगुरूंना एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवणारे वरिष्ठ वासनेने पछाडलेले नव्हते. संस्थेचे नाव मुलांपेक्षा मोठे, हा त्यांचा गर्व होता. तक्रारींची सवय होऊन मेलेली संवेदनाही त्यात होती. त्याच महिन्यात जगभरच्या श्रद्धावंतांना लिहिलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचाराच्या जोडीने सत्तेच्या आणि सदसद्विवेकाच्या गैरवापराचे नाव घेतले, आणि धर्मगुरूंना इतरांहून वरचे मानण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. मे 2019 मध्ये त्यांनी नियम केला : अत्याचाराची माहिती मिळताच ती वर कळवणे धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना बंधनकारक झाले, आणि प्रकरण दडपणाऱ्या बिशपचीही चौकशी करण्याची पद्धत ठरली. सुरुवातीला तीन वर्षांसाठी असलेला हा नियम 2023 मध्ये कायम करण्यात आला.