साथ येण्याआधी बोला: शिरूर-दौंडकरांना जाहीर आवाहन

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,



गळीत हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या भीमा आणि घोडच्या काठच्या शिवारांत उतरतील. मोकळ्या रानात कोप्या पडतील. दौंडच्या गुऱ्हाळांवर परप्रांतीय कामगारांची कुटुंबं मुक्कामाला आहेतच. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभच्या कारखान्यांत पाळ्या चालू असतात आणि आसपासच्या चाळींत एकेका खोलीत चार-पाच पोरं आपापली पाळी सुटेल तशी आळीपाळीनं झोपतात. दौंड जंक्शनवर तर रात्रंदिवस माणसांची ये-जा. या सगळ्यावर आपल्या दोन्ही तालुक्यांची चूल पेटते. उद्या एखादी साथ आली, तर तीही याच वाटांनी येईल आणि याच खोल्यांतून, कोप्यांतून पसरेल.

ती आली की नमुने घ्यायला पथकं येतील, जंतूचं नाव प्रयोगशाळा सांगेल. पण तो याच वस्तीत का घुसला, आजारी माणूस चार दिवस अंगावर ताप का काढत राहिला, लस फुकट असूनही केंद्रावर गर्दी का झाली नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते तुम्हाला ठाऊक असतं. ते आत्ताच, साथ नसताना, सांगा आणि गावाच्या वहीत नोंदवून ठेवा, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. साथ सुरू झाल्यावर खरं बोलायला सवड नसते आणि धीरही होत नाही.

जंतू एक, मरणं वेगवेगळी

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, धान्य महागलं होतं. मुंबई शहरात त्या मरणांची समाजवार आकडेवारी ठेवली गेली. युरोपियनांमध्ये हजारी ८.३ मृत्यू झाले. ज्या हिंदू जातींना तेव्हा खालच्या मानलं जाई, त्यांच्यात हजारी ६१.६. शहर तेच, विषाणू तोच. फरक होता तो घराचा, पोटातल्या अन्नाचा आणि आजारपणात अंथरुणाला टेकण्याची ऐपत असण्या-नसण्याचा.

शंभर वर्षांनी कोरोनानं तेच दाखवलं. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची तपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. त्याच वॉर्डांतल्या इमारतींत हे प्रमाण १६ टक्के होतं. त्याच सुमारास पुण्याच्या पाच प्रभागांत अशीच पाहणी झाली. तिथे एकूण प्रमाण ५१.५ टक्के निघालं आणि सामायिक संडास वापरणाऱ्यांत ते स्वतःचा संडास असणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे कुठल्या वस्तीत किती कुटुंबांमागे एक संडास आणि एक नळ आहे, याची यादी जर कुणी आधीच करून ठेवली असेल, तर साथ पहिल्यांदा कुठे भडकणार हे डॉक्टर येण्याआधी सांगता येतं.

माणसं आजार का लपवतात

१८९७ चं पुणं आठवा. प्लेगसाठी नवा कायदा आला, प्लेग कमिटीचा अध्यक्ष असलेल्या रँडसाहेबानं घराघरांत गोरे सोजीर घुसवले, माणसं छावणीत नेली, सामान जाळलं. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, मयतं लपवली, गाव सोडून पळ काढला. प्लेग तसाच पसरत राहिला आणि २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. हे दुसऱ्या प्रकारचं काम होतं: दारावर लाथ मारून आत न शिरता रुग्णाजवळ जाणं. पंडिता रमाबाईंनी प्लेग-छावण्यांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर वृत्तपत्रातून उघड टीका केली. दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींना त्यांनी ज्या केडगावात आसरा दिला, ते आपल्या दौंड तालुक्यातलंच.

जगातही हेच घडलं आहे. २०१४ मध्ये गिनी देशात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना वोमे गावच्या जमावानं ठार मारलं. साथीत दगावलेल्यांचे मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर पुरले जात, तेही तिथल्या लोकांना सहन होत नव्हतं. पुढे मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी गावकऱ्यांशी बोलून अंत्यविधीची पद्धत बदलून घेतली. संसर्ग टाळायचा, पण घरच्यांना प्रार्थना करू द्यायची, निरोप घेऊ द्यायचा. त्यानंतर कुटुंबं सहकार्य करू लागली.

आज आपल्याकडे सोजीर नाहीत, पण गैरहजेरीचा खाडा आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बाई तापानं पडली की खाडा लागतो आणि तो उचलीच्या हिशेबात वाढतो. मग ती गोळी खाऊन फडात जाते. कंत्राटी कामगाराचंही तेच. दोन दिवस घरी बसला तर पगार कापला जातो, चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा असतो. याला कुणी अडाणीपणा म्हणेल, पण हा पोटाचा हिशेब आहे आणि त्याच्यापुरता तो बरोबरच आहे. ‘ताप आल्यास घरीच थांबा’ असा फलक लावून हा हिशेब बदलत नाही. खाडा माफ झाला तर बदलतो. सामाजिक आणि आर्थिक पाहणीचा उपयोग इथे आहे. रोग कुठे थांबवता येईल, ती जागा अशी पाहणी नेमकी दाखवते.

हे काम आपल्या मातीतलं आहे

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. कानिटकरांना बरोबर घेऊन एका दख्खनी गावाचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९२१ मध्ये तो छापला. ते गाव शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. जमिनीचे तुकडे, कर्ज, मिळकत, खर्च, सारं घरोघर विचारून लिहिलेलं. गावाच्या दुखण्याचं मूळ त्याच्या कर्जात आणि शेतात शोधायचं असतं, हे शंभर वर्षांपूर्वी इथेच दाखवलं गेलं.

त्यानंतर वढू. डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या संशोधन केंद्रानं २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, गावात येणारे आणि गाव सोडणारे यांची सलग नोंद ठेवली. घरात मृत्यू झाला तर आधी काय त्रास होता, कुठे नेलं होतं, हे घरच्यांना विचारून कारण ठरवलं जातं. २००९ च्या स्वाईन फ्लूनंतर इन्फ्लुएंझाचा ग्रामीण भागावरचा बोजा मोजायची वेळ आली, तेव्हा ही वही कामी आली. शंभरांतले किती आजारी पडले हे सांगायला आधी शंभर मोजलेले असावे लागतात.

२०१२-१३ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन ऑफ अँथ्रॉपॉलॉजिकल सायन्सेस आणि स्वित्झर्लंडच्या एका सार्वजनिक आरोग्य संस्थेनं पुण्याच्या शहरी आणि ग्रामीण भागांत लोकांना एका आजारी माणसाची गोष्ट सांगून विचारलं, याला काय झालंय? लक्षणं स्वाईन फ्लूची होती, पण ती ओळखणारे थोडे निघाले. त्यावरची लस असते, हेही बहुतेकांना माहीत नव्हतं. मात्र फुकट मिळाली तर घेऊ, असं म्हणणारे पुष्कळ होते. किंमत वाढवत नेली तसे होकार घटले. इथे लोकांना दोष देण्यासारखं काही नाही. लस खिशाला परवडेल अशी करा आणि तिची माहिती दारापर्यंत न्या, एवढंच ही पाहणी सांगते.

शेजारी काय घडलं ते पाहा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. संशय पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू सापडला. ही गावं झपाट्यानं वाढली, महापालिकेत आली, पण शुद्ध पाण्याची व्यवस्था त्या वेगानं पोहोचली नाही. शिक्रापूर, सणसवाडी, कारेगाव, यवत, केडगाव, कुरकुंभ यांची वाढही अशीच चालली आहे. त्यात पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा आपल्याच भागात भीमेला मिळते.

दौंडनं तर २०२० मध्ये स्वतः अनुभव घेतला आहे. मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्ये कोरोना आढळला. रोग कर्तव्याच्या रस्त्यानं गावात आला. कोण कुठून कामासाठी येतं आणि कुठे परततं, याचा नकाशा म्हणूनच हवा. तो पोलिसी नजर ठेवण्यासाठी नको, आलेल्याला वेळेवर पाणी, औषध आणि जागा मिळावी यासाठी हवा.

आता काय करायचं

१. घरोघरी: आशाताई किंवा सर्वेक्षक आले तर खरी माहिती द्या. ताप कधी आला, पहिल्यांदा कुणाला दाखवलं, खर्च किती झाला, तो भागवायला कर्ज काढलं का, हे सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि कारण लपवू नका.

२. मुकादम, बागायतदार आणि साखर कारखान्यांचे शेतकी विभाग: टोळी उतरली की दोन दिवसांत कोप्यांची यादी ग्रामपंचायतीला आणि आरोग्य उपकेंद्राला द्या. कुटुंबं किती, पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर बाया किती, पाणी कुठून भरतात, एवढं पुरे. आणि तापाच्या दिवसांचा खाडा धरू नका.

३. कारखानदार आणि ठेकेदार: आजारी कामगाराला हाकलू नका. ज्यांच्या पगारातून ईएसआयसीची (कामगार विम्याची) वर्गणी कापली जाते, त्यांना नियमानुसार आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. हे त्यांच्या भाषेत त्यांना सांगा.

४. खोलीमालक: एका नळावर आणि एका संडासावर किती माणसं आहेत, ते स्वतः मोजा. भाडं घेता, तर टाकी धुण्याची जबाबदारीही तुमची.

५. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामसभा: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावरून बाहेर काढा. तिला मिळणारा निधी कशावर खर्च झाला ते वाचून दाखवा. गावाला पाण्याचं कुठलं कार्ड मिळालं आहे, लाल, पिवळं की हिरवं, ते चावडीवर लिहा. जलसुरक्षक पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो का, क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी करतो का, हे विचारा. वाड्या-वस्त्या, कोप्या, चाळी, विहिरी आणि बोअर दाखवणारा एक साधा नकाशा तयार करा.

६. महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी: अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्राचे प्रकल्प पुस्तकांतून उतरवण्याऐवजी हीच पाहणी हाती घ्या. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर यासाठी लावा.

७. संशोधकांना: आधी संमती घ्या, ‘नाही’ म्हणण्याचा हक्क माना. नाव-गाव उघड करू नका. माहिती घेऊन गेलात की निष्कर्ष मराठीतून त्याच ग्रामसभेत येऊन सांगा. नोंदवहीचा उपयोग कुणाला बहिष्कृत करायला होता कामा नये.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आजाऱ्याचं नाव किंवा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. परगावच्या कामगारावर साथीचं खापर फोडू नका. ज्याला गावाची भीती वाटते तो ताप लपवतो आणि लपवलेला ताप सगळ्या गावाला महागात पडतो. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४, रुग्णवाहिका हवी असेल तर १०८ क्रमांक आहे. हे दोन आकडे कोपीतल्या माणसालाही सांगा.

या कामाला मोठा पैसा लागत नाही. एक वही, चार तरुण, आशाताईंची साथ आणि खरं बोलणारं गाव लागतं. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज आजच सरपंचांकडे द्या आणि त्याची पोच घ्या. टोळ्या उतरायच्या आत आपल्या गावाची वही सुरू झालेली असली पाहिजे.