आजीचा फोन 'एक्सपायर' झालाय!

आमच्या मुलुंडच्या घरात एक परंपरा आहे. नवा मोबाइल दादाचा, त्याचा जुना मला, माझा आईला आणि सगळ्यात शेवटी आजीला. परवा आजीच्या फोनवर बँकेचं ॲप चालेना. फोन तसा ठणठणीत, पण अँड्रॉइड जुनं. शेवटचा अपडेट २०१९ चा!

आता गंमत बघा. आजीची पेन्शन, एफडी, ओटीपी सगळं त्याच फोनवर. म्हणजे जिच्याकडे जपण्यासारखं सर्वात जास्त, तिच्याच हातात आपण सर्वात असुरक्षित फोन देतो.

तेव्हा मित्रांनो, मेगापिक्सेल मोजण्याआधी वर्षं मोजा. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस २४ साठी ७ वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. ते महाग वाटले तर २०२४ मध्येच आलेल्या, बऱ्याच स्वस्त गॅलेक्सी ए १६ फाइव्ह-जीला ६ वर्षांचं वचन आहे. मात्र ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून धरतात, आपण घेतल्यापासून नाही! सेलमधलं दोन वर्षं जुनं मॉडेल म्हणूनच दिसतं तेवढं स्वस्त नसतं. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा, खरा हिशोब कळेल.

यंदा नवा फोन आजीला, असं मी घरी जाहीर केलंय. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!