मुलींच्या मापाचा माल

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. फटाके आमच्या मोहल्ल्यांतही वाजले. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना किती व्यापारी बांधवांनी या विजयाकडे धंद्याच्या नजरेने पाहिले असेल, याची आम्हाला शंका आहे.

महिलांचा विश्वचषक १९७३ साली, पुरुषांच्याही दोन वर्षे आधी सुरू झाला. पैसा मात्र अलीकडे आला. २०२२ मध्ये बक्षिसांची एकूण रक्कम ३५ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये ती सुमारे १ कोटी ३९ लाखांवर गेली. २०२३ साली महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून सुमारे ४,६७० कोटी रुपयांना विकले गेले. ही बड्यांची उलाढाल. आमचे गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या मैदानावर सरावाला जाणारी मुलगी.

तिचा माल वेगळा असतो. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांचा सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, घेरही कमी. म्हणजे चामड्याची कापणी वेगळी. पॅड-ग्लोव्हजचेही तेच. मुलीचा बाप दुकानात आला की आम्ही त्याच्यापुढे लहान मुलांचे पॅड टाकतो. मुलगी सोळा वर्षांची, उंच. पॅड गुडघ्याखालीच संपतो! बाप रिकाम्या हाताने परत जातो आणि आम्ही म्हणतो, मंदी आहे. धारावीत चामडे शिवणारे आहेत, कपडे शिवणारेही आहेत. पूर्ण बाह्यांचा, सैल पण धावताना न अडखळवणारा पोशाख आमच्या दर्जीभाईंखेरीज कोण नीट बेतणार?

काही बुजुर्ग विचारतील, मुलींनी खेळावे का? तो निर्णय ज्या त्या घराने घ्यावा. एवढेच सांगतो की, २०२३ मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक नूशीन अल खदीर होत्या.

एक इशारा. मोठ्या कंपन्यांची नकली बोधचिन्हे छापून जर्सी विकू नका. छाप्यात माल जातो, आणि ती कमाई हलालही नव्हे.

उन्हाळी शिबिरे एप्रिलमध्ये भरतात. २०२७ चा रमजान फेब्रुवारीतच सुरू होत आहे, तेव्हा कारागिरांना बयाणा डिसेंबरमध्येच द्यावा.