विसरायचं कोणी?

संविधानदिनी शाळा-कचेऱ्यांतून उद्देशिकेचं वाचन होतं. प्रथा चांगली आहे. तिच्या जोडीला आदल्या दिवसाचं, २५ नोव्हेंबर १९४९ चं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषणही वाचलं जावं. राज्यघटना पूर्णत्वाला गेल्याचं समाधान सभागृहात असताना बाबासाहेबांनी बजावलं की, आपण राष्ट्र झालो आहोत असं मानणं हा मोठा भ्रम आहे. हजारो जातींत वाटले गेलेले लोक राष्ट्र कसे होतील, असं विचारून त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी ठरवलं.

या विधानामागे अभ्यास होता. फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रेनाँ याने ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सॉरबॉनमध्ये ‘राष्ट्र म्हणजे काय?’ या विषयावर व्याख्यान दिलं होतं. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून आल्सास आणि लॉरेनचा काही भाग घेतला, तो भाषा आणि वंश पुढे करून. रेनाँला हा निकष मान्य नव्हता. एकत्र जगलेला भूतकाळ आणि पुढेही एकत्र राहण्याची, रोज नव्याने दिलेली संमती यांतून राष्ट्र घडतं, असं तो म्हणाला. सोबत त्याने एक अट घातली, विसरण्याची. १५७२ मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. असल्या जखमा विसरल्याखेरीज फ्रेंच माणसं एक होऊ शकत नाहीत, असं त्याचं मत.

पाकिस्तानच्या प्रश्नावर १९४० मध्ये काढलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी रेनाँचा आधार घेतला. हिंदू-मुसलमानांत साम्यं कितीही असली, तरी दोघांनाही आपापला भूतकाळ विसरता येत नाही, हे त्यांनी तिथे मांडलं.

जातीच्या बाबतीत मात्र रेनाँची अट अपुरी पडते. कत्तल घडून गेलेली असते; जात रोज घडते. जे अजून संपलेलंच नाही, ते विसरायचं कसं? आणि ‘जुन्या गोष्टी कशाला उगाळता?’ हा सवाल आपल्याकडे नेहमी सोसणाऱ्यालाच केला जातो. महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, त्यानंतर मारहाण सोसावी लागली आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडलं. पुढे घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण कलमाने व्यवहार बंद करता येतो, मन बदलता येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पत्त्यातून अपमान वाहण्याची सक्ती कोणावरही नसावी. पण समतानगर अशी पाटी लागली तरी वस्ती गावाच्या कडेलाच राहते. अनेक गावांत स्मशानं आजही वेगळी आहेत. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचं प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आढळलं. मरणात वेगळे आणि लग्नात वेगळे असलेले लोक रेनाँच्या अर्थाने एकत्र राहण्याची संमती देतात, असं म्हणता येईल का?

महात्मा फुल्यांनी या प्रश्नावर बाबासाहेबांच्याही आधी बोट ठेवलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांचा आग्रह आहे की, शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी असे सगळे शिकून एकमय झाल्याशिवाय इथे राष्ट्र उभं राहणार नाही. रेनाँने विसरण्याला जे स्थान दिलं, ते फुल्यांनी एकमय होण्याला दिलं. मला फुल्यांचा क्रम बरोबर वाटतो. बरोबरी आली की कटुता हळूहळू मावळते. बरोबरीआधी मागितलेलं विस्मरण हा त्याच अन्यायाचा पुढचा हप्ता ठरतो.

म्हणूनच जातीचा प्रश्न काढणाऱ्याला देश फोडणारा ठरवण्याची रीत मला घातक वाटते. तो राष्ट्र घडवण्याचं राहून गेलेलं काम दाखवत असतो. ज्यांना देश एकसंध हवा आहे, त्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत एकच स्मशानभूमी असावी असा ठराव मांडावा आणि घरातल्या मुलामुलींनी जातीबाहेर लग्न ठरवलं तर त्यांच्या पाठीशी उभं राहावं. राष्ट्रप्रेमाची याहून कठीण आणि याहून खरी कसोटी आज दुसरी नाही.